पुढची ओळ

"बसा गं बायांनो, एका पंगती बसा,
कोण कुणाची लेक ते मागून पुसा..."

भूकंपानंतर पत्र्याच्या शेडपुढं शेजारची विठाबाई आमटी वाढता वाढता गायची. मी तेव्हा फ्रॉकातली पोर. सगळं गाव एका चुलीवर जेवत होतं. थंडी पडेपर्यंत मात्र चुली वेगळ्या झाल्या, टँकरवर पाणी कुणी आधी भरायचं तेही ठरून गेलं. एकत्र आलेली माणसं पुन्हा वरखाली का होतात, हे कोडं मला तेव्हाच चिकटलं.

आता लातूरच्या एका मेडिकल प्रवेशाच्या क्लासमध्ये मी जीवशास्त्र शिकवते. आमच्याकडं सोमवारी बाकं हलतात. रविवारच्या टेस्टमध्ये ज्याला जास्त मार्क, तो पुढं. पुढच्या ओळीतून स्पेशल बॅच निघते, ती दुसऱ्या इमारतीत भरते.

उत्क्रांती शिकवताना मी विचारलं, "माकडं एकमेकांच्या उवा का काढत बसतात?"

मागून इंदू म्हणाली, "मॅडम, पुढच्या ओळीतले एकमेकांना पेनसुद्धा देत न्हाईत. त्यांच्या उवा कोण काढतं?"

वर्ग हसला. तिच्या शेजारची जेबा खाली मान घालून हसली.

जेबा अहमदपूरची. सुट्टीत जिन्यावर मागच्या बाकावरच्या पोरी तिच्याभोवती गोळा व्हायच्या. हात हलवत, मध्येच घरच्या दखनी उर्दूत घुसत ती त्यांना समजावायची. पोरींचे मार्क वाढत होते. जेबाचे जागचे हलत नव्हते. या वेळी स्पेशलला नाव आलं नाही तर घरी नेईन, असं तिच्या वडलांनी बजावलं होतं.

नाव आलं नाही. सोमवारी तिचे वडील पाशामियाँ शिलाईचं दुकान बंद ठेवून आले.

"मॅडम, पोरगी तुमच्यासमोर हाय. जमून नाही राहिलं तर नेतो. हॉस्टेलची पेटी बांधायला सांगितलीय."

मी जेबाचा पेपर पुढं ठेवला. "हे कोरे सोडलेले प्रश्न बघा. हेच परवा ती जिन्यावर इंदूला समजावत होती. मी स्वतः ऐकलंय."

पाशामियाँनी चष्मा पुसला, पेपर पाहिला, मग लेकीकडं पाहिलं. "दोस्तीपायी डॉक्टरकी सोडून राहिली का तू?"

मलाही तसंच वाटलं होतं. मैत्रिणींसाठी मागं थांबणारी पोर. माझ्या उत्क्रांतीच्या धड्याला शोभेल असं उदाहरण मी मनात तयारही करून ठेवलं होतं.

जेबा ओढणीचं टोक पिळत उभी होती. घरच्यांशी ती दखनी बोलायची. आज मराठीत बोलली. मलाही नीट कळावं असं तिला वाटत असणार.

"इंदूसाठी न्हाई, अब्बा. तुम्ही खरंच न्यायला याल असं वाटलं नव्हतं, म्हणून प्रश्न मुद्दाम कोरे सोडत गेले."

"पण का?"

"दुसऱ्याला सांगितल्याबिगर मला स्वतःलाच कळत न्हाई. वाचते, पाठ करते, डोक्यात काहीच बसत न्हाई. त्या पोरी विचारतात, मी सांगत जाते, तेव्हा कुठं उमगतं." तिनं ओढणी सोडली. "स्पेशलमध्ये सगळे वहीवर हात धरून बसतात. तिथं माझं कोण ऐकून घेणार? मला तिथं जायची भीती वाटते, अब्बा."