खुराड्याची झडप

खुराडं घराला नुसतं लागून नव्हतं, चिकटून होतं. भिंत एकच. अलीकडे बाळाची खाट, पलीकडे पाच कोंबड्या. भिंतीत एक सरकती झडप होती. सासूबाईंच्या गुडघ्यांनी मागच्या पायऱ्यांशी वैर धरलं, तेव्हा फर्निचरच्या कारखान्यात कामाला असलेल्या त्यांच्या लेकाने ती करून दिली होती. खाटेवर बसल्याबसल्या झडप वर करायची, दाणे टाकायचे, अंडं काढायचं, काठीला बांधलेल्या जुन्या उलथण्याने घाण पलीकडे ढकलायची. तेव्हा ती खाट सासूबाईंची होती. बाळ आलं आणि सगळ्यांत उबदार खोली म्हणून त्याला मिळाली.

मग बाळाला खोकला लागला. कोरडा, चिवट. डॉक्टरांनी छाती तपासली, काळजीचं कारण नाही म्हणाले, धुळीपासून जपा म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. सुनेला ‘धूळ’ एवढा एक शब्द पुरला. कॉलेजात शिकलेलं सगळं शास्त्र हल्ली बाळाच्या श्वासापाशी येऊन बसलं होतं. घरी येताच तिची नजर झडपेवर गेली.

“आई, ही काही दिवस बंद ठेवू या का?”

“ठेव की. कोंबड्यांना सांगते, सुनेचा हुकूम आहे, उपास करा.”

“तसं नाही हो. धूळ येते तिथून.”

“मी इतकी वर्षं इथेच झोपले. मला काय झालं?”

“तुम्ही आठ महिन्यांच्या नव्हता.”

“तेही खरंच,” सासूबाई म्हणाल्या आणि उठून गेल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, “तुम्ही दोघी ठरवा.” बाळाचं नाव ठेवतानाही तो हेच म्हणाला होता. तिने झडपेच्या चारी कडांना रुंद चिकटपट्टी मारली.

त्या दिवसापासून सासूबाई मागच्या पायऱ्या उतरू लागल्या. एक हात भिंतीला, एका हातात दाण्यांचा डबा. दर पायरीला थांबायच्या. सून स्वयंपाकघरातून बघायची आणि बघितलं नाही असं दाखवायची.

खोकला मात्र वाढला. तिने पडदे धुतले, फरशी दोन-दोनदा पुसली, खुळखुळा उकळला. रात्री बाळाच्या छातीवर हात ठेवून पडायची, म्हणजे झोप अशी नव्हतीच. सकाळी जरा बरं वाटायचं, संध्याकाळी पुन्हा उबळ. संध्याकाळीच का? याच प्रश्नाने तिचं डोकं पोखरून टाकलं होतं.

एका संध्याकाळी ती मागच्या खिडकीशी उभी राहिली, ती उत्तर मिळेपर्यंत हललीच नाही. खुराड्याच्या बाहेरच्या दारातून हात पोचत नव्हता, म्हणून सासूबाई कमरेत वाकून आत शिरल्या. ओला भुसा खरवडला, कोरडा पसरला. कोंबड्यांनी पंख झाडले, तसा आत नुसता धुरळा. सासूबाई बाहेर आल्या तेव्हा केसांत भुसा, स्वेटरच्या खांद्यांवर भुसा. वर येऊन त्यांनी कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, सुनेनेच शिकवलं होतं तसे. मग बाळाला उचलून खांद्याशी धरलं. बाळाने स्वेटरमध्ये नाक खुपसलं आणि खोकू लागलं.

आधी खुराड्यात सासूबाईंचा फक्त हात जायचा. झडप बंद झाल्यापासून अख्ख्या सासूबाई जात होत्या.

सून मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसली. आता हे सांगायचं कसं? बाळाला घेऊ नका, एवढंच ऐकू जाणार.

“काय गं, अशी काय बसलीस हातपाय गळाल्यासारखी?”

“आई, उद्यापासून खुराडं मी बघते.”

“तू? ती मास्तरीण कोंबडी तुला उभी राहू देणार नाही. आणि डिग्रीचं काय?”

“काय करायचंय तिचं?”

“आण, झडपेवर ठोकू. चिकटपट्टी सुटायला लागलीय.” हसता हसता त्या थांबल्या. “का पण? एकाएकी?”

“धूळ तुमच्या स्वेटरला लागते. आणि तो तिथेच नाक घालतो.”

सासूबाईंनी आपल्या खांद्याकडे बघितलं. बाळाला सुनेच्या हातात दिलं, स्वेटर काढला आणि थंडीत नुसत्याच उभ्या राहिल्या.

“माझ्यामुळेच होय,” त्या म्हणाल्या.

“झडप मी बंद केली आई. तुम्ही नाही.”

सकाळी नवऱ्याचा जुना शर्ट घालून, नाकाला रुमाल बांधून ती खुराड्यात वाकली. डोळ्यांवर झोप, पाठीत कळ. उलथणं हातात नीट बसत नव्हतं. मास्तरिणीने एकदा मनगटाला टोचून ओळख करून घेतली. भिंतीपलीकडून सासूबाईंच्या सूचना चालू होत्या. “तिच्या वाटेला जाऊ नको. लंगडीखाली बघ, ती अंडं लपवते.”

तेवढ्यात बाळ खोकलं.

तिचा हात थांबला. पलीकडचा आवाजही थांबला. दोघी कान देऊन राहिल्या. कोंबड्या तेवढ्या आपसात कुरकुरत होत्या.

“एकच होता,” भिंत बोलली.

“ऐकलं,” ती म्हणाली.

“मग लंगडीखाली बघितलंस का?”

“बघते,” म्हणत तिने कोंबडीच्या पोटाखाली हात घातला.