राहिलेला काना

'ध'चा 'मा' झालेला सगळ्यांनी ऐकला होता. 'लो'चा 'ले' झालेला कुणीच ऐकला नव्हता. तो 'कवडसा'च्या नव्या अंकात झाला, आणि तोही पानभर चित्रात, जाड अक्षरात. इमारत पेटलेली, गच्चीवर माणसं अडकलेली, धुरातून कवडसा झेपावतो आणि ओरडतो, "घाबरू नका, मी आले आहे!" म्हणायचं होतं आलो, छापलं गेलं आले. एक काना राहिला, बस्स. पण त्या एका उभ्या रेघेने जो गोंधळ घातला, तो दहा खलनायकांना जमला नसता.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कवडसा हा चित्रकथेतला वीर. अंगभर राखाडी पोशाख आणि तोंडावर आरसा, त्यामुळे समोरच्याला त्याच्या जागी स्वतःचंच तोंड दिसतं. आरशामागे कोण आहे हे लेखकाने आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वाचकांनी गोष्टीतल्या एकूण एक पात्रावर संशय घेऊन झाला होता: व्यायामशाळेचा मास्तर, दातांचा डॉक्टर, तो न बोलणारा माळी. सगळे बाप्ये. बाईवर संशय घ्यायचं कुणाच्या डोक्यात आलंच नाही, कारण कवडसा पहिल्या अंकापासून 'आलो, गेलो, पडलो' असाच बोलत होता.

त्याच्या तोंडची वाक्यं फुग्यांमध्ये हाताने लिहायचं काम जिच्याकडे होतं, तिला ऑफिसात सगळे दादा म्हणत. नोकरीच्या कागदावर नाव पुरुषाचं होतं, दाढी रोजच्या रोज करावी लागत होती, आणि थोरल्या भावाच्या घरात ती त्याचा धाकटा भाऊ म्हणून राहत होती. आपण बाई आहोत हे तिला कळू लागल्यापासून माहीत होतं. दुसऱ्या कुणाला ते तिने कधी सांगितलं नव्हतं. मी मात्र तिला तीच म्हणणार. बाकी सगळं जग तो म्हणतं, तेवढं पुरेसं आहे.

लिहिण्याआधी वाक्य तोंडाने म्हणून बघायची तिची सवय. जिथे श्वास तुटेल तिथे ओळ तोडायची, मग पेन्सिलीच्या रेघांवर शाई, मग भोवती फुगा. कोपऱ्यातल्या आपल्या खोलीचं दार लावून घेतलं की ती कवडशाची वाक्यं पुटपुटायची, आणि पुटपुटता पुटपुटता आपल्या पद्धतीने म्हणायची. मी आले. मी पडले. मी नाही घाबरले. दिवसभरात तिला स्वतःसारखं बोलायला तेवढीच जागा होती. कागदावर उतरवताना ती न चुकता काना द्यायची. त्या दिवशी हाताने तोंडाचं ऐकलं. संपादकांनी पान तपासलं, छापखान्याने छापलं, आणि 'आले' कुणाच्या डोळ्यांना खुपलं नाही. चूक सापडल्यावर मात्र ती एकटीची झाली.

अंक दुकानात गेला आणि ऑफिसातला फोन थांबेना. एका निवृत्त मास्तरांनी व्याकरणाचा खून पडल्याचं कळवलं. शाळेतल्या मुलींचा एक अख्खा वर्ग फोनवर एका सुरात किंचाळला, "आम्हाला आधीच माहीत होतं!" एकाने विचारलं, "'आले' आले, आता लसूण कुठल्या अंकात?" त्यावर ऑफिसातले पोट धरून हसले, तीही हसली. मग दुसऱ्या तऱ्हेचे लोक सुरू झाले. पान टरकावून पाठवलेले अंक आले. "आमच्या कवडशाला बायल्या केलात," असं एकाने लिहिलं, तर दुसऱ्याने ज्या हाताने हे लिहिलं तो हात तोडायचं वचन दिलं. एक चांगला बाप्या माणूस फोनवर रडला. लहानपणापासून मी त्याच्यासारखा व्हायचं ठरवलं होतं, आता काय करू, असं त्याचं म्हणणं. आता एका कान्यावर उभा असलेला पुरुषार्थ तो किती पक्का असणार, पण ते त्याला सांगणार कोण.

एका संध्याकाळी जेवताना भावाने ताटाशेजारी अंक आपटला. ती ऑफिसात नेमकं काय करते, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

"कोण रे तुमच्यातला तो बायल्या? ज्याने हे लिहिलं?"

"चूक असेल," ती म्हणाली. चोराच्या मनात चांदणं.

"चूक कसली! मनात असतं तेच बाहेर येतं. आपल्या घरात असा एखादा निघाला असता ना, तर उंबऱ्यावरसुद्धा उभा केला नसता मी."

"राहतो एखादा काना," आई म्हणाली. "तू जेव ना बाळा."

कुणाला जेव म्हणाली ते तिने बघितलं नाही. बघायची हिंमतच झाली नाही.

दुसऱ्या दिवशी संपादकांनी तिला समोर बसवलं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर तिला सोपं गेलं असतं.

"दादा, माझा तुझ्यावर राग नाही. पण लोक ऐकायला तयार नाहीत. रविवारी वाचकांना इथेच बोलावलंय. तू उभा राहा, काना राहिला म्हण, आणि पुढच्या अंकात पहिल्या पानावर तुझ्याच अक्षरात दुरुस्ती लिही. विषय संपला."

"आणि मी काहीच नाही बोललो तर?"

"तर लोक विचारणार, मुद्दाम लिहिलं का? मुद्दाम लिहिलं तर का लिहिलं? मग मी काय उत्तर देऊ, तूच सांग."

तिच्या पाचावर धारण बसली. रविवारपर्यंत तिने नोकरी सोडून पाहिली, शहर सोडून पाहिलं, सगळं मनातल्या मनात. प्रत्येक वेळी आई मागे राहत होती. भावाच्या घरात आईचं औषधपाणी, आईची खोली, आणि आईला हसवायला घरात दुसरं कुणी नाही. राहून राहून तिला एकच गोष्ट टोचत होती. जन्मात एकदाच ती चारचौघांत स्वतःसारखी बोलली होती, तेही दुसऱ्याच्या तोंडून, आणि आता तेवढंसुद्धा आपल्याच हाताने खोडायचं होतं. तिला वाटलं, लोकांनी खरंच हात तोडला असता तर बरं झालं असतं.

रविवारी ऑफिस गच्च भरलं. खुर्च्या संपल्यावर लोक कागदाच्या गठ्ठ्यांवर बसले. मुली एका बाजूला, पान टरकावणारे गडी दुसऱ्या बाजूला, आणि मधे ते निवृत्त मास्तर, दोन्हीकडच्यांना शांत बसवता बसवता स्वतःच सगळ्यांत जास्त ओरडणारे. दाराशी हाताची घडी घालून भाऊ उभा होता. तुमची गंमत बघायला येतो म्हणाला होता, आणि आला होता.

ती उठणार तोच मागे एक माणूस उभा राहिला. मालट्रक चालवणारा. तसं त्याने स्वतःच सांगितलं. खांदे दाराएवढे, मिशी झुपकेदार, एवढ्या लोकांत बोलायची सवय नसलेला. हातातल्या अंकात त्याच पानावर बोट घालून ठेवलेलं.

"मला जास्त काही विचारायचं नाही," तो म्हणाला. "चूक होती, का मनातून आलं होतं, तेवढंच सांगा. मी लांबून आलोय."

कुणीतरी हसलं. तो हसला नाही. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, चेष्टाही नव्हती. तो अगदी अजिजीने बघत होता, आणि त्याला कुठलं उत्तर हवंय हे तिला लख्ख कळलं. 'मनातून' हा शब्द तिच्या ओठांवर आला होता. मग तिची नजर दाराकडे गेली. भाऊ मान वाकडी करून तिच्याकडेच बघत होता.

"काना राहिला," ती म्हणाली. "मी चुकलो."

गड्यांनी टाळ्या पिटल्या. मुलींनी "शी!" केलं. मास्तर म्हणाले, चूक कबूल करायला मोठं मन लागतं. संपादकांनी सुस्कारा सोडला आणि दुरुस्तीसाठी कोरा कागद तिच्या पुढ्यात सरकवला. लोक उठून दारातून बाहेर पडू लागले. ट्रकवाला मात्र गर्दीच्या उलट दिशेने वाट काढत टेबलापाशी आला. त्याने अंकातलं बोट काढून अंक मिटला आणि टेबलावर ठेवला.

"बरं झालं विचारलं. मी उगाच काय काय मनात घेऊन बसलो होतो." मग तिला एकटीला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाला, "येते मी."

निघताना कुणीही म्हणतं तसंच म्हटलं, म्हणून ते तिच्या कानांवरून गेलं. भावाने येऊन पाठीवर थाप मारली, "चल, सुटलास बुवा." संपादक शाईची बाटली उघडत होते. त्या खांद्यांची पाठ दाराबाहेर गेली, आणि तेव्हा कुठे तिला उमगलं. त्या मिशीखालून 'येते' आलं होतं. चुकून आलं नव्हतं. एवढा रस्ता तुडवून ती दुसरी कुणीतरी हेच सांगायला आली होती, आणि आपण भरल्या सभेत तिच्या तोंडावर दार लावलं होतं.

भावाचा हात झटकून ती धावली. जिन्यात मुली होत्या, त्यांना ढकलून उतरली. मागून भावाने हाक मारली तिकडे तिने लक्ष दिलं नाही. रस्त्यावर रविवारची गर्दी. ती रुंद पाठ पुढे चालली होती, फार लांब नाही, एका हाकेच्या अंतरावर. आणि हाक मारायला तिने तोंड उघडलं, तर हाक सापडेना. दादा म्हणावं, तर पुन्हा तीच थोबाडीत. ताई म्हणावं, तर भर रस्त्यात तिचं सगळं उघडं पडणार, आणि सांभाळणारं तिथे कोण होतं? दुसऱ्यांच्या तोंडी शब्द घालण्यात उभा जन्म गेला, आणि गरजेच्या वेळी स्वतःच्या तोंडात एक शब्द नाही.

"अहो!" ती ओरडली. "अहो, थांबा!"

अर्धा रस्ता मागे वळला. जो तो स्वतःकडे बोट दाखवून विचारू लागला, मी का, मी का. ती रुंद पाठ तेवढी वळली नाही.