रेघ वर जायला हवी

वस्तीत तिला सगळे प्रश्नबाई म्हणत. नाव ठेवलं किराणावालीनं, आणि किराणावालीनं ठेवलेलं नाव माणसाला मरेपर्यंत चिकटायचं. दर पंधरा दिवसांनी ही बाई गळ्यात ओळखपत्र आणि हातात टॅब घेऊन दारात उभी राहायची आणि विचारायची, "गेल्या चौदा दिवसांत मुलाला जुलाब झाले का? किती दिवस? दिवसातून किती वेळा?" सुरुवातीला बायका तोंड फिरवून हसायच्या. पुढे एवढी सवय झाली की एखादी ती दिसताच दारातून सांगून टाकायची, "दोनदा, पातळ, बुधवारी. आता जा, भाजी करपतेय."

हे सगळं चाललं होतं एका बाटलीसाठी. निळ्या झाकणाची, अंगठ्याएवढी बाटली. हंड्यात तीन थेंब टाकायचे, अर्धा तास थांबायचं, मग पाणी प्यायचं. पैसा एका निधीचा होता आणि निधीचे एक साहेब होते. त्यांनी तरुणपणी कसलीशी कंपनी काढली, ती विकली आणि आता गरिबीच्या मागे लागले होते. धंद्यात लोक दहा छोट्या कंपन्यांत पैसे घालतात, वाढेल तिला वाढवतात आणि बाकीच्या सोडून देतात. साहेब तसंच गरिबीचं करणार होते. त्यांना काहीही दाखवा, प्रश्न ठरलेला: "हे शंभरपट होईल का?" म्हणून कचेरीत त्यांना शंभरपट म्हणत, अर्थात पाठीमागे. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर निदान चार शिव्या घालून मोकळं होता आलं असतं.

शंभरपटांनी गल्लीचे दोन भाग केले. संगणकानं सोडत काढली. उजव्या हाताच्या घरांना बाटली, डाव्या हाताच्या घरांना फक्त प्रश्न, आणि उत्तरं दिल्याबद्दल साबणाची एक वडी. सहा महिने दोन्हीकडचे जुलाब मोजायचे. पडद्यावर दोन रेघा उमटतील, उजवीची खाली आणि डावीची वर, आणि मधलं अंतर म्हणजे बाटलीची करामत. अंतर दिसलं की ही बाटली दहा लाख घरांत जाणार होती. नियम एकच होता. उजवीकडची बाटली डावीकडे जाता कामा नये. गेली तर देणारीचीही बंद.

आता गल्ली ती केवढी. मधोमध उभं राहून हात पसरले तर बोटं दोन्ही भिंतींना लागायची. नळ दोन्हीकडच्यांना मिळून एकच. आणि डाव्या हाताच्या चौथ्या घरात प्रश्नबाईची सख्खी धाकटी बहीण राहत होती.

धाकटीला एकच मूल, दोन वर्षांची ठमी. नाव ठमी, पण अंगावर मूठभर मांस नाही. जन्मल्यापासून पोट धड नव्हतं; जरा बाळसं धरलं की जुलाब, आणि परत हाडं वर. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पाणी सांभाळा, आता आणखी एक मोठा झटका या पोरीला झेपायचा नाही. मग मावशीनं काय करायचं? मावशीनं दर महिन्याला वाटायच्या बाटल्यांतल्या एकीपुढे 'फुटली' असं लिहिलं आणि ती बाटली धाकटीच्या ओट्याखाली जाऊन बसली. ठमी हंड्याला धरून उभी राहायची आणि थेंब मोजायची, "एक, दोन, पाच." पाच झाले की स्वतःच टाळ्या वाजवायची.

चार महिन्यांत पोरीला गाल आले. आणि प्रश्नबाईनं चूक केली ती इथे. बाटलीबद्दल ती खोटं बोलली, पण ठमीबद्दल खरं लिहिलं. या घरात जुलाब किती? शून्य. तिला वाटलं, बाटली फुटली म्हणणं वेगळं, पण धडधाकट लेकराला आजारी लिहायचं म्हणजे अभद्र. हात धजेना तिचा. दर पंधरवड्याला ती डावीकडच्या खात्यात एक शून्य टाकायची आणि मनात म्हणायची, माझ्या ठमीला कोणाची दृष्ट न लागो.

सहा महिने झाले. कचेरीतल्या काचेच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. पडद्यावर दोन रेघा आल्या त्या एकमेकींच्या गळ्यात गळा घालून. दोन्ही खाली उतरलेल्या, पण दोघींच्या मध्ये केसाएवढीही फट नाही.

"फरक नाही," शंभरपट म्हणाले. "म्हणजे बाटली काहीच करत नाही."

"पण साहेब, दोन्हीकडचे जुलाब निम्म्यावर आलेत की," प्रश्नबाई म्हणाली.

"आजार कधी कधी आपोआपही कमी होतो. ते कळावं म्हणूनच तर डावी बाजू ठेवली होती. सोमवारपासून बाटल्या बंद. आपल्याला दुसरं काहीतरी शोधावं लागेल."

एका ठमीच्या बाटलीनं अख्खी रेघ खाली येत नाही, एवढं गणित प्रश्नबाईलाही कळत होतं. ती तडक गल्लीत गेली आणि पहिल्यांदाच टॅब न उघडता दारोदार विचारत सुटली. किराणावाली उजवीकडची. ती म्हणाली, "अगं, समोरासमोर दारं. माझ्या जावेची पोरं तिकडे कळवळतायत आणि मी इकडे बाटली झाकून बसू? अर्धी तिला, अर्धी मला." शिंप्याची बायको, पिठाच्या गिरणीवाली, सगळ्यांचं तेच.

"मग इतके महिने मला सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलंस कधी? तू विचारायचीस जुलाब किती. जुलाब नव्हते, तर नाही म्हणालो. खोटं बोललो का आम्ही?"

दुसऱ्या दिवशी प्रश्नबाईनं शंभरपटांसमोर सगळं ओकून टाकलं, स्वतःच्या फुटलेल्या बाटल्यांसकट. नोकरी गेली असं धरूनच ती आली होती. साहेब मात्र रागावले नाहीत. त्यांचे डोळे चमकायला लागले.

"मग हे तर उत्तम झालं," ते म्हणाले. "आता दोन्ही बाजूंच्या बाटल्या एकदम काढून घेऊ. फक्त आठ आठवडे. रेघ वर गेली तर सिद्ध झालं, बाटली काढली की आजार वाढतो. मग दहा लाख घरं माझ्याकडे लागली."

"आणि नाही गेली तर?"

"तर तुमचं म्हणणं खोटं, नाही तर बायकांनी पुन्हा लपवालपवी केली. दोन्हींत निधी इथून उठेल तो कायमचा."

"साहेब, पोरं आजारी पडतील."

"पडायलाच हवीत," ते बोलून गेले आणि स्वतःच ओशाळले. "म्हणजे मलाही वाईट वाटतंय. पण एका पारड्यात आठ आठवडे आणि दुसऱ्यात दहा लाख घरं. तुम्हीच सांगा." वर ते म्हणाले की खरं तर तिला काढूनच टाकायला हवं, पण या गल्लीत तिच्याइतकं कोणाचं ऐकतात? बाटल्या तिनंच गोळा कराव्यात आणि मोजणीही तिनंच करावी.

तिनं केलं. दारोदार जाऊन हात जोडले, आठ आठवडे पाणी उकळून प्या, मग दोन्ही बाजूंना बाटली, ती कायमची. किराणावालीनं दोन बाटल्या काढून दिल्या आणि एवढ्याच होत्या म्हणाली. शेवटी प्रश्नबाई धाकटीच्या दारात गेली.

"ठमीचीसुद्धा?" धाकटीनं विचारलं.

"ठमीचीसुद्धा. माझ्या घरची ठेवली तर कोणत्या तोंडानं दुसरीची मागू?"

"तोंड तुझं, ताई. पोट माझ्या पोरीचं आहे."

"उकळून दे ना पाणी."

"पहाटे कामाला जाते मी. हंडाभर पाणी उकळू कधी, आणि गॅस काय तुझे साहेब आणून देणार?"

"आठच आठवडे गं."

धाकटीनं वाकून ओट्याखालची अर्धी बाटली काढली आणि बहिणीच्या हातावर ठेवली. "तू आजवर मला कधी फसवलं नाहीस, म्हणून देते," ती म्हणाली. ठमीला वाटलं थेंबांची वेळ झाली. ती हंड्याला धरून उभी राहिली आणि मोजायला लागली. प्रश्नबाई तिचा गालगुच्चाही न घेता बाहेर पडली.

पहिले दोन आठवडे रेघ ढिम्म. कचेरीतून रोज फोन, वर जातेय का? तिसऱ्या आठवड्यात शिंप्याच्या जुळ्यांना जुलाब लागले आणि प्रश्नबाईला, देवा शपथ, बरं वाटलं. दिवसातून सात वेळा, हे ऐकून तिनं मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडला. घरी आल्यावर तिला स्वतःची एवढी किळस आली की तिनं वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं. तरी चौथ्या आठवड्यात गिरणीवालीचा मुलगा आडवा झाला तेव्हा तिनं आधी रेघ पाहिली आणि मग मुलगा.

पाचव्या आठवड्यात ती धाकटीच्या दारात पोचली तर ठमी आईच्या खांद्यावर मान टाकून पडली होती. डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे. नियम म्हणजे नियम. तोंडातून आधी प्रश्नच बाहेर पडला. "कधीपासून? दिवसातून किती वेळा?"

"मोजायचं सोडलं," धाकटी म्हणाली.

प्रश्नबाईनं टॅब फेकला आणि पोरीला उचलून धावत सुटली. दवाखान्यात नर्सनं हातापायांत चार ठिकाणी सुई टोचून पाहिली, शीर सापडेना. सापडली तेव्हा उशीर झाला होता. ठमी तिसऱ्या दिवशी दुपारी गेली. प्रश्नबाईच्या पिशवीत तेव्हा निळ्या झाकणाची ती अर्धी बाटली तशीच होती. कचेरीत जमा करायची राहून गेली होती.

भेटायला सगळी गल्ली आली. किराणावाली प्रश्नबाईच्या पाठीवरून हात फिरवत रडली, अगदी मनापासून रडली. मग कानाशी लागून म्हणाली, "अगं वेडे, मागायची होतीस की. अकरा आहेत माझ्याकडे. माझी नातवंडं ठणठणीत आहेत बघ." आणि एकट्या तिच्याकडेच होत्या असं नाही. निम्म्या गल्लीनं दोनदोन देऊन चारचार ठेवल्या होत्या. शहाण्या बायका. रेघ वर गेली ती फक्त ज्यांनी प्रश्नबाईवर विश्वास ठेवला त्यांच्या घरांमुळे.

पण वर गेली, आणि चांगली चढली. काचेच्या खोलीत टाळ्या झाल्या. शंभरपटांनी प्रश्नबाईला बाजूला घेतलं आणि खाली बघत म्हणाले, "त्या मुलीचं ऐकून झोप लागली नाही मला. पण तिचं जाणं फुकट गेलं नाही, एवढं लक्षात ठेवा." खरंच झोप लागली नसेल. दहा लाख घरं मंजूर झाली आणि शब्द दिल्याप्रमाणे या गल्लीचाही नंबर पहिल्या महिन्यातच लागला, दोन्ही बाजूंसकट. शंभरपट करायचं तर घरामागचा खर्च कमी हवा, म्हणून अर्ज नवा केला होता, छोटा. टॅब आता स्वतःच बोलायचा, गोड बाईच्या आवाजात.

प्रश्नबाईनं काम सोडलं नव्हतं. सोडून खाणार काय? गल्ली करत करत ती डाव्या हाताच्या चौथ्या दाराशी आली. धाकटी उंबऱ्यात उभी होती, हात पुसत. ठमी गेल्यापासून दोघी बोलल्या नव्हत्या.

"विचार," धाकटी म्हणाली.

टॅबच बोलला, "या घरात पाच वर्षांखालची मुलं किती?"

प्रश्नबाईनं खालमानेनं 'एक' दाबलं. बाटली तिच्या हातात तयार होती. या वेळी तरी बहिणीला ती हक्कानं मिळावी, एवढंच तिच्या मनात होतं.

"काय लिहिलंस?" धाकटीनं पुढे वाकून पाहिलं. "एक? मेलेल्या पोरीला जिवंत लिहितेस? अभद्र. खोड ते. तेव्हा खरं लिहायचीस ना, आताही खरंच लिही."

प्रश्नबाईनं एक खोडला आणि शून्य लिहिलं.

"हे घर योजनेत बसत नाही," टॅब गोड आवाजात म्हणाला. "आपण दिलेल्या वेळेबद्दल धन्यवाद. कृपया पुढच्या घरी जा."

"जा," धाकटी म्हणाली. "सांगतेय ना ती." आणि तिनं दार लावून घेतलं.

शेजारच्या दारातली बाई बाटलीसाठी हात पुढे करून केव्हाची उभी होती. प्रश्नबाईनं तिच्या हातावर ती बाटली ठेवली आणि पहिला प्रश्न लावला.