अर्धं सोडवलेलं कोडं

मी रंगाचे ब्रश बनवतो, त्यांचे केस परदेशातून मागवतो. माल तिकडच्या वर्तमानपत्रात गुंडाळून यायचा. त्या भाषेतलं मला ओ की ठो कळत नाही, पण कागदावरचं शब्दकोडं माल बांधणाऱ्याने अर्धंच सोडवलेलं असायचं. बायको गेल्यापासून उरलेल्या चौकटी मी भरायचो, मराठीत, मनाला येईल तशा.

या खेपेला मात्र सगळं प्लास्टिकमध्ये आलं. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, माल चोख आहे ना? मग कुरकुर कसली?"



मूठभर चांगले केस मी खराब ठरवले आणि आमच्या वर्तमानपत्रात गुंडाळून परत पाठवले. त्यातलं कोडं मी अर्धंच सोडवलं होतं.

महिन्याने माफीचं पत्र आलं आणि बदली केसही आले, व्यवस्थित प्लास्टिकमध्ये.