‘कीप’चा पाठ

“बाई, दुकान ‘कीप’ करायचं असतं का चालवायचं?” सिंधूनं विचारलं आणि मागच्या बाकावर बसलेल्या साहेबांनी मान वर केली.

“आपण चालवतो म्हणतो. इंग्रजीत ‘कीप’ म्हटलं तरी चालतं,” मी म्हणाले. फळ्यावर एवढं एकच क्रियापद होतं आणि मुली त्याच्यासाठी रोजच्या बोलण्यातले शब्द शोधत होत्या. वही कपाटात ठेवणं, शेळी पाळणं, रान राखणं, दिलेला शब्द पाळणं. कुणीतरी ‘गप्प राहणं’ म्हटलं, तेही बरोबर निघालं.

“मंग कोंडामावशी तुमचं लेकरू ‘कीप’ करती, न्हाई का बाई?” सिंधू म्हणाली.

सगळा वर्ग हसला. साहेबही हसले. पाठ चांगला चालला होता.

तो चालायलाच हवा होता. अहमदपूरजवळच्या त्या शाळेत मी बदली शिक्षिका म्हणून, तात्पुरती होते. लातूर जिल्हा नुकता वेगळा झालेला, तिथून आलेले साहेब आज माझा पाठ बघून मला कायम करायचं की नाही ते ठरवणार होते. नवऱ्याची नोकरी लातूरला, सासूबाई गावी. बाळाला मी रोज शाळेतच आणायची. समोरच्या व्हरांड्यात झोळी बांधलेली असायची आणि झोळीपाशी शाळेची झाडलोट करणाऱ्या कोंडाबाई. वर्गाच्या खिडकीतून दोघं दिसत. मी फळ्याकडे कमी आणि खिडकीकडेच जास्त बघत होते.

बाळाला कालपासून हगवण लागली होती. सासूबाईंचा निरोप आला होता, “पाणी तोड, आपोआप थांबंल.” दवाखान्यातल्या नर्सबाईंनी उलटं सांगितलं. मीठ-साखरेचं पाणी, चमच्याचमच्यानं, सारखं. सकाळी कोंडाबाईंना मी दोन्ही सांगितलं.

“बहात्तरच्या दुष्काळात आम्ही खडी फोडाया होतो,” त्या म्हणाल्या. “माझ्या पोरीला असंच झालतं. लोक म्हनले, पानी देऊ नको. न्हाई दिलं.” त्यांनी झोळीची दोरी ओढली. “तुमी जावा वर्गात. मी पाजते.”

पण उकळलेलं पाणी बाटलीभरच होतं. टँकर आला नव्हता. वस्तीवरचा आड आटल्यामुळं कोंडाबाईंचा रोजचा तांब्याही रिकामा होता. शाळेत पाणी एकाच ठिकाणी होतं. त्याच व्हरांड्यात हेडसरांच्या खोलीबाहेर, तिवईवर, साहेबांसाठी भरून झाकून ठेवलेला माठ.

कोंडाबाई बौद्ध. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. शाळेचा कोपरान् कोपरा त्या झाडायच्या, पण तिवईपाशी आल्या की झाडू वळायचा. तसा नियम कुठं लिहिलेला नव्हता. लिंबाजी शिपाई त्यांना वरून ओंजळीत पाणी वाढायला तयार असायचा. तसं त्या कधी प्यायल्या नाहीत. म्हणून तो घरचा तांब्या.

मला खिडकीतून दिसलं, त्यांनी बाटली उलटी करून पाहिली. झोळीत वाकल्या. मग उठून तिवईकडे गेल्या.

“लिंबाजी, लेकराला वाटीभर दे.”

“साहेबांचं हाय ते. टँकर येतोय, जरा थांबा.”

“लेकरू कुठं थांबतंय?”

त्यांनी झाकण बाजूला केलं आणि वाटी बुडवली.

“अहो कोंडाबाई!” लिंबाजी ओरडला.

“हं, पुढचं वाक्य?” साहेब मला म्हणाले.

मी खडू ठेवला. “सर, माझं बाळ आजारी आहे,” म्हणाले आणि बाहेर पडले. पाठ तिथंच राहिला. जूनमध्ये माझ्या जागेवर उदगीरच्या एक बाई आल्या. पण ते नंतरचं.

मी पोचले तेव्हा कोंडाबाई वाटीत मीठ-साखर ढवळत होत्या. बाळाचे डोळे अर्धवट मिटलेले, ओठ कागदासारखे. लिंबाजीच्या आवाजानं हेडसर बाहेर आले.

“माठात कुणी हात घातला?”

“मी,” कोंडाबाई म्हणाल्या. चमचा थांबला नाही.

“माझ्या बाळासाठी घेतलं, सर,” मी म्हणाले.

“तुम्ही आधी वर्गात जा. साहेब बसलेत तिथं.”

मी गेले नाही. झोळीपाशी खाली बसले. साहेब वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले होते. हेडसरांनी आवाज खाली आणला.

“लिंबाजी, माठ रिकामा कर. आणि धुऊन घे.”

“धुवाया पानी कुठलं, सर?” लिंबाजीनं अगदी सरळ विचारलं.

कुणी हसलं नाही. लिंबाजीनं माठ उचलला आणि अंगणात नेला. कोंडाबाईंनी वाटी-चमचा माझ्या हातात दिला. टँकर आला तर घरी न्यायला म्हणून आणलेली त्यांची जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, बादली कोपऱ्यात होती. ती घेऊन त्या त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“मातीत नको. हितं वत.”

लिंबाजीनं हेडसरांकडे पाहिलं. हेडसर भिंतीवरचा नव्या जिल्ह्याचा नकाशा बघत होते. लिंबाजीनं माठ कलता केला. सवयीनं, जरा उंच धरून. कोंडाबाईंनी बादली वर उचलली. आणखी वर, माठाच्या काठाला टेकेपर्यंत. त्यानं माठ मागं घेतला नाही. पाणी सगळं बादलीत गेलं, आवाजसुद्धा झाला नाही.

खिडकीत मुली दाटीनं उभ्या होत्या. बाळानं चमच्यातलं पाणी जिभेनं ओढून घेतलं, मग तोंड उघडं ठेवलं.

“घेतलं का?” तिकडूनच कोंडाबाईंनी विचारलं.

“घेतलं.”

त्यांनी बादली झोळीपाशी आणून ठेवली. वारा सुटला होता. धूळ पडू नये म्हणून त्यांनी बादलीवर पदर धरला आणि तशाच वाकून उभ्या राहिल्या.