कोराचा र

व्हर्लिन कोस्टेलिचनं माझी वाचा बसवली ती भर मैदानात, माइकवर. आमच्या खाणीच्या गावात शनिवारी हॉकीचा सामना असला की तिसरीतल्या एका मुलाला निवेदकाच्या खोलीत बोलावतात आणि ‘शेवटचं मिनिट उरलं’ एवढं लाउडस्पीकरवर म्हणायला देतात. त्या एका वाक्यासाठी पोरं वर्षभर झुरतात. माझी पाळी आली तेव्हा मला र येत नव्हता. मी म्हटलं, “शेवटचं मिनिट उवलं.”

निवेदक होता व्हर्लिन. “ऐकलंत मंडळी? उवलं म्हणे! नाव काय गं तुझं? मोठ्यानं सांग.”

“ग्वेटा वोवविक.” ग्रेटातला र गेला, आडनावातलेही गेले.

अख्खं मैदान हसलं. पहिल्या रांगेत आई होती. तीही ओशाळून हसली. पुढे दोन हिवाळे मी शाळेत तोंड उघडलं नाही.

नाग डूख धरतो म्हणतात. माझ्यापुढे नाग म्हणजे गांडूळ. मुलांचे उच्चार सुधारायचं शिक्षण मी घेतलं आणि हट्टानं ह्याच शाळेत नोकरीला लागले. गाव म्हणालं, ग्रेटाचं मन मोठं. मोठंबिठं काही नाही. लहान गावात आज ना उद्या प्रत्येकाच्या घरात एखादं बोबडं पोर निघतंच. मी त्याच्या घरातलं निघायची वाट बघत होते.

निघालं. गेल्या सप्टेंबरात तो नातीला, आठ वर्षांच्या कोराला, घेऊन माझ्या खोलीत आला.

“ग्रेटा, फेब्रुवारीच्या सामन्याला माइकवर हिची पाळी आहे, तोवर हिला सरळ कर बाई. माझीच नात माइकवर ‘कोवा’ म्हणाली तर गावात तोंड दाखवायला जागा उरायची नाही. मी घरी र घोटून घेतोच रोज. र चुकला की तिचीच नक्कल करून दाखवतो. हसू आलं की पोरं लवकर शिकतात.”

कोरा बुटांकडे बघत होती.

“ते आजपासून बंद,” मी म्हटलं. “चुकीचा र जितका घोटवाल तितका पक्का होतो. इथे र नीट बसेपर्यंत घरी तिच्याकडून म्हणवून घ्यायचा नाही, ऐकायला मागायचा नाही.”

नियम खरा आहे, प्रत्येक आईबापाला मी हेच सांगते. पण त्याला सांगताना मनात उकळ्या फुटत होत्या.

आम्ही कामाला लागलो. आधी कान: मी चुकीचं आणि बरोबर म्हणायचं, तिनं ओळखायचं. मग जीभ: कडा वर उचलून मागच्या दाढांना टेकवायच्या आणि अस्वलासारखं गुरगुरायचं. नाताळाच्या आधी ते गुरगुरणं एकदम तिच्या नावात उतरलं. “कोरा!” ती म्हणाली आणि दचकून माझ्याकडे बघत राहिली. मी तिला उचलून गरगर फिरवलं.

त्यानंतरची पायरी म्हणजे र घरी न्यायचा. घरच्या माणसांशी बोलल्याशिवाय तो जिभेवर टिकत नाही, खोलीतच राहतो. ही पायरी मी मुद्दाम लांबवली. व्हर्लिन दर मंगळवारी दाराबाहेर टोपी हातात घेऊन उभा राहायचा.

“एकदा ऐकू दे ना गं.”

“नियम आहे.”

“घरात माझ्याशी बोलतच नाही ती. मीठ हवं असलं तरी बोट दाखवते. माझं काही चुकलं का?”

“मला काय माहीत? पुढच्या मंगळवारी या.” त्या दिवशी मला जेवण किती गोड लागलं म्हणून सांगू!

फेब्रुवारी उजाडला, सामना चार दिवसांवर आला. कोरानं एक अख्खी गोष्ट न अडखळता वाचली. आता मात्र मला विचारणं भाग होतं.

“आजोबा बाहेर आहेत. त्यांना ऐकवायचं?”

“नाही. ते हसतात. मी माइकवर जाणार नाही, आणि ते मरेपर्यंत त्यांच्याशी बोलणार नाही.”

र न् र खणखणीत होता. जन्मभर मला जे हवं होतं तेच ती बोलली. त्याचं वाटोळं व्हावं ही माझी इच्छा होती. पण ह्यात पोरीचंच होत होतं.

मी दार उघडलं. “आत या. खाली बसा. तिची नक्कल करायचात, ते तिच्याकडे बघून सांगा.”

मुलांच्या बुटक्या खुर्चीत तो कसाबसा मावला. निवेदकाचा तो गडगडाटी आवाज कुठल्या कुठे गेला. “मी हसायचो तुला,” तो पुटपुटला. “चुकलं माझं, कोरा.”

कोरानं त्याला निरखलं. “पुन्हा हसलात तर?”

“नाही हसणार.”

“बरं.” मग जराशानं, “घरी जाऊ या?”

स्वच्छ र असलेल्या त्या एका ‘घरी’नं म्हातारा रडला. डोळे पुसत उठला आणि दाराशी थांबून माझ्याकडे वळला.

“तुझे उपकार झाले गं. पोरांचं दुखणं तुला बरोबर कळतं. लहानपणी तुलाही असंच काही होतं की काय?”

मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती, लपवाछपवी नव्हती. त्याला खरंच काही आठवत नव्हतं.

मी दार पुन्हा लावून घेतलं.

“बसा,” मी म्हटलं. “कोरा, तूही बस. एका शनिवारची गोष्ट सांगते.”