डावखुऱ्यांचा माऊस

कंपनीच्या तिन्ही ऑफिसांतले माऊस, कीबोर्ड, हेडफोन कुठे आहेत ते सांभाळायचं काम तिच्याकडे होतं. सगळे तिला मोजणीबाई म्हणत आणि तीही त्या नावाला ओ देई. कुठल्या संगणकाला काय जोडलंय, ते तिच्या पडद्यावर दिसायचं.

अख्ख्या कंपनीत डावखुऱ्यांचा माऊस एकच. मुख्य ऑफिसातल्या डावखुऱ्या स्वागतिकेचं मनगट दुखायला लागलं म्हणून तो मागवलेला. पण तो सकाळी तिच्याकडे दिसे, दुपारी पार गावाबाहेरच्या गोदामात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिच्याकडे!

"कुणीतरी लांबवत असेल," जेवताना नवरा म्हणाला.

"लांबवणारा परत आणून देईल होय?"

एका फोनवर उलगडा झाला असता, पण तिला डोळ्यांनी बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती स्वागतकक्षाजवळ घुटमळली. स्वागतिकेने माऊस हातरुमालात गुंडाळला आणि टपाल नेणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरकाकांना दिला.

"हा कुठे चालला?"

स्वागतिकेचा चेहराच पडला. "साहेबांना सांगू नका हं, ताई. दुपारनंतर मी नुसती फोनवर असते, तो पडूनच राहतो. गोदामात कुणीतरी डावखुरं माणूस आहे, तेही मनगट धरून बसतं, असं काका म्हणाले. म्हटलं, न्या."

"कोण आहे ते?"

"बाई की बुवा, तेही ठाऊक नाही."

"विचारावंसं नाही वाटलं?"

"वाटतं ना! रोज वाटतं."

"मग चला की."

दोघी गाडीत बसल्या. काका वाटभर गालातल्या गालात हसत होते, पण काही केल्या तोंड उघडेनात.

गोदामात एक उंच माणूस पडद्यावर पेट्या रचायचा आराखडा काढत होता. मान वर न करताच त्याने काकांपुढे डावा हात पसरला. त्या हातात स्वागतिकेने रुमाल ठेवला. त्याने वर पाहिलं आणि इतक्या घाईने उठला की खुर्ची कलंडली.

"तुमचा आहे हा? मला वाटलं, कुणा म्हाताऱ्या साहेबांचा असेल. रोज इतका लख्ख पुसलेला येतो!"

"आणि वायरला ती गाठ तुम्ही मारता? आमच्याकडे कुणालाच सुटत नाही. मला मात्र झटक्यात सुटते."

"सुटणारच! उलट्या हाताची आहे ना."

मग डाव्या हाताने न चालणाऱ्या कात्रीचा विषय निघाला, लहानपणी डाव्या हाताने लिहिलं म्हणून खाल्लेल्या माराचा निघाला. मोजणीबाईला दोनदा हाक मारावी लागली, तेव्हा कुठे स्वागतिका निघाली.

परतताना गाडीतच मोजणीबाईने मोबाइलवर दुसऱ्या माऊसची मागणी लिहायला घेतली. तिचा जीव आता भांड्यात पडला होता.

स्वागतिका तिच्या मोबाइलमध्ये डोकावली.

"ताई, नवा यायला किती दिवस लागतात?"

"लागतील थोडे."

"लागू देत," ती म्हणाली. "घाई नाही."